हात दाखवा, गाडी थांबवा

जुलैमधली सकाळ होती, पण अंगात स्वेटर होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या सनसेट भागात माझी लेक राहते, आणि तिथला उन्हाळा म्हणजे नुसतं कॅलेंडरातलं पान. सकाळी खिडकी उघडावी तर समोरचं घर धुक्यात गेलेलं. तिथले लोक त्या धुक्याला 'कार्ल' म्हणतात, घरातल्या उनाड पोराला हाक मारावी तसं. मी कोथिंबीर आणायला निघाले होते. अर्व्हिंग स्ट्रीटच्या त्या कोपऱ्यावर सिग्नल नाही, चारी बाजूंना लाल अष्टकोनी पाट्या आहेत. येणाऱ्या प्रत्येकानं थांबायचं, आणि आधी आला त्यानं आधी जायचं, एवढाच नियम. गंमत म्हणजे लोक तो पाळतात. मी फुटपाथवरून एक पाय खाली टाकला तेवढ्यात डावीकडून एक पांढरी गाडी आली आणि माझा हात आपसूक वर गेला. तळवा गाडीकडे, बोटं जराशी फाकलेली, मान तिरकी. पुण्यात चाळीस वर्षं रस्ता ओलांडलेल्या बाईचा हात. गाडी माझ्या हाताच्या आधीच थांबली होती, पांढऱ्या पट्ट्याच्या चांगली दोन हात मागे. अर्धा रस्ता ओलांडून झाल्यावर, पुन्हा सवयीनंच, मी तोच हात छातीशी नेऊन आभार मानायला ड्रायव्हरकडे पाहिलं.

सीट रिकामी होती. मागेही कोणी नव्हतं. छपरावर एक काळं डबडं गरागरा फिरत होतं, आणि मी भर रस्त्यात छातीशी हात धरून उभी होते, चुकीच्या देवळात नमस्कार केल्यासारखी. पलीकडे जाऊन मी मागे वळून पाहिलं. गाडी हळूच निघाली, डाव्या अंगाचा दिवा लुकलुकवत वळली आणि कार्लमध्ये विरघळून गेली. तिची काही चूक नव्हती. माझीही नव्हती. पण तो हात मला दिवसभर जड वाटत राहिला. कोथिंबीर निवडतानासुद्धा.

यात भीती नव्हती, हे आधी सांगून टाकते, कारण ही हकिगत ऐकून सगळ्या मैत्रिणींनी पहिल्यांदा 'अगंबाई, घाबरली असशील!' असंच म्हटलं. त्याआधी आठवडाभर मी अशाच गाडीतून दोनदा फिरून आले होते. लेकीनं हौसेनं वेमो, म्हणजे तिथली विनाचालक टॅक्सी, बोलावली होती. गाडी जवळ आली की छपरावरच्या त्या डबड्यावर बोलावणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं उमटतात, दहा पांढऱ्या गाड्यांतली आपली कुठली ते कळावं म्हणून. आत बसलं की एका बाईचा आवाज नावानं स्वागत करतो, पट्टा लावा म्हणतो, पडद्यावरचं बटण दाबलं की गाडी निघते. स्टिअरिंग आपलं आपण फिरतं. पहिली दोन मिनिटं मी त्याच्याकडे भुताटकी बघावी तशी बघत होते. पाचव्या मिनिटाला मी पर्समधून शेंगदाण्याचा लाडू काढला. माणूस कशाला किती लवकर सरावतो, याची मला स्वतःचीच लाज वाटली.

मला खरी मोहिनी घातली ती समोरच्या पडद्यानं. त्यावर आसपासचा सगळा रस्ता रेखाटलेला असतो. गाड्यांचे ठोकळे, सायकली, आणि माणसांच्या छोट्या छोट्या बाहुल्या. लेक समजावून सांगत होती की छपरावरचं ते डबडं चहूकडे लेसरचे बारीक ठोके सोडतं आणि ते आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर मापतं. आंधळा काठीनं चाचपतो तसं, फक्त काठी उजेडाची आणि एका सेकंदात लाखो वेळा. एका उतारावर सामानाचा मोठा ट्रक उभा होता. पडद्यावर त्याच्या पलीकडून एक बाहुली चालत येताना दिसली, आणि दोन सेकंदांनी ट्रकच्या नाकाआडून खरोखरच एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन बाहेर आले. गाडीनं त्यांच्यासाठी वेग केव्हाच कमी केला होता. मला ते पाहून टाळी वाजवावीशी वाटली. त्या कोपऱ्यावर मीही कुणाच्याही न बघितलेल्या पडद्यावर अशीच एक बाहुली झाले असणार. पिशवी घेतलेली, स्वेटर घातलेली बाहुली. तिचा हात वर गेलेला त्या पडद्याला दिसला का? पोलिसांचे आणि सायकलवाल्यांचे हात ओळखायला या गाड्यांना शिकवलेलं आहे म्हणतात. म्हणजे माझाही हात कळला असेल. कळलाच असेल. पण मग छातीशी नेलेल्या हाताचं काय केलं असेल तिनं? कुठल्या खणात टाकला असेल?

हाताचं हे वेड मला मामांकडून आलं असावं. मामा एसटीत ड्रायव्हर होते, भोर डेपोला. भोर-महाड ही त्यांची वर्षानुवर्षांची ड्यूटी, म्हणजे वरंध घाट. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, जाळीला नाक लावून बसायची. डिझेलचा वास, तापलेल्या इंजिनावर टाकलेलं त्यांचं खाकी उपरणं, आणि पाठीमागे कंडक्टरनं दोरी ओढून दिलेली घंटी. एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. पावसाळ्यात घाटात असं धुकं उतरायचं की पुढचा कठडा दिसायचा नाही, आणि मामा खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा बघत गाडी उतरवायचे. 'ज्या गिअरनं घाट चढतो, त्याच गिअरनं उतरायचा' हे त्यांचं वाक्य आमच्या घरात संसारापासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्याला लागू व्हायचं. वाघजाईपाशी गाडी थांबायची, भजी व्हायची, देवीला हात जोडले जायचे, आणि मग उतार.

एसटीची ती योजना आठवते ना, हात दाखवा, गाडी थांबवा? थांबा असो नसो, रस्त्याच्या कडेला हात केला की गाडी थांबायची. मामांना त्या योजनेची गरजच नव्हती, ते आधीपासूनच थांबत. पण कुठल्याही हाताला नाही. वळणावर शाळेच्या पोरांनी केलेला चाळ्याचा हात, ज्याला चढायचंच नाही असा नुसता रामराम घालणारा हात, डोक्यावर भारा असल्यामुळे अर्धाच वर झालेला बाईचा हात. शंभर पावलांवरून त्यांना फरक कळायचा. एकदा एक म्हातारा हात न करता नुसता उभा होता आणि मामांनी कचकन ब्रेक लावला. कंडक्टर करवादला. मामा म्हणाले, 'अरे, त्याच्या पायाशी पिशवी होती. लाजतोय तो.' त्या म्हाताऱ्यानं चढताना मामांकडे बघितलंसुद्धा नाही. तिकिटाचे पैसे धोतराच्या कनवटीला इतके घट्ट खोचले होते की ते काढेपर्यंत पहिलं वळण गेलं.

आणि फक्त एसटीच कशाला, आपला सगळा रस्ताच हातावर चालतो. घाटात ट्रकच्या मागे अडकलं की क्लीनरचा काळाभोर हात खिडकीतून बाहेर येतो आणि पोहत असल्यासारखा पुढे पुढे हलतो, म्हणजे समोरून कोणी नाही, या. तोच हात तळवा मागे करून स्थिर राहिला की, थांबा. आपण त्या हाताचा चेहराही बघितलेला नसतो, तरी आंधळ्या वळणावर त्याच्या भरवशावर जीव घालून पुढे जातो. रिक्षावाला डावीकडे वळताना उजवा पाय बाहेर काढतो, त्याचाही काहीतरी अर्थ असतो. गणपतीत मंडळाचा कार्यकर्ता शिट्टी तोंडात धरून दोन्ही हात पसरतो आणि बसपासून बुलेटपर्यंत सगळे त्याचं ऐकतात, कुठल्या कायद्यानं ते विचारू नये. समोरच्यानं अप्पर-डिप्पर दिला तर 'तू ये' की 'मी आलोच, सरक', हे तर त्याच्या वेगावरून ओळखायचं. चुकीचं ओळखलं तर दुसऱ्या दिवशी पेपरात.

चुकीचं ओळखलं तर.

२०११ साली आई संकष्टीला दशभुजा गणपतीला गेली होती. तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची, चालायला खणखणीत. दर्शन घेऊन कर्वे रस्ता ओलांडताना तिनं हात केला. मोटरसायकलवरच्या मुलानं तिला बघितलं, तिनंही त्याला बघितलं. मग ती पुढे आली आणि तोही पुढे आला. आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावर पेढ्यांचा पुडा फुटून पडला होता आणि त्यावरून रिक्षा जात होत्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग वॉकर, मग काठी. कर्वे रस्ता तिनं त्यानंतर कधीही एकटीनं ओलांडला नाही. शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, 'नजरानजर झाली होती गं आमची. मला वाटलं तो थांबेल.' आणि तो मुलगा, लातूरकडचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा, दवाखान्याच्या जिन्यात बसून माझ्या नवऱ्याला रडत रडत सांगत होता, 'काका, मला वाटलं आजी थांबतील.'

दोघांनीही बघितलं होतं, आणि दोघांनाही वाटलं होतं.

तक्रार आईनंच करू दिली नाही. तो पोरगा पुढे दर रविवारी यायचा. पहिल्या रविवारी दोन शहाळी घेऊन आला, दाराशीच उभा राहिला, चपला काढाव्यात की नाही ते त्याला कळेना. मी त्याच्याशी चांगली वागले नाही, हे आज कबूल करते. पाणीसुद्धा विचारलं नाही. आई मात्र आतून म्हणाली, 'त्याला बसव, आणि शहाळं फोडायला कोयता कुठेय ते दाखव.' पुढे पुढे ती रविवारी सकाळपासून घड्याळाकडे बघायला लागली. त्याच्या परीक्षा, मेसचं जेवण, गावाकडची बोअर, सगळं तिला तोंडपाठ. आज तो हिंजवडीत नोकरी करतो, त्याला दोन मुलं आहेत, आणि दिवाळीत आईला त्याचा फोन येतोच. आईच्या खुब्यात बसवलेला बॉल आणि हा मुलगा, दोन्ही एकाच दिवशी आमच्या घरात आले. यातलं कुठलं कशाच्या पारड्यात टाकायचं हे मला चौदा वर्षांत जमलेलं नाही. त्या दिवशी त्या मोटरसायकलच्या जागी ती पांढरी गाडी असती तर आई पेढे घेऊन घरी आली असती. याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

शंका नाही, कारण आकडे तसे आहेत. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. तासाला एकोणीस. त्यातली जवळजवळ तेहतीस हजार पायी चालणारी होती, म्हणजे आईसारखी, म्हणजे मी. आपल्याकडे हा आकडा कुणाला हादरवत नाही, पावसाच्या आकड्यासारखा तो दरवर्षी येतो. तिकडे वेमोनं स्विस री या विमा कंपनीबरोबर मिळून अडीच कोटी मैलांचा हिशेब मांडला होता. माणसांच्या गाड्यांच्या तुलनेत इजेचे दावे ९२ टक्क्यांनी कमी. हिशेबात कंपनी स्वतःच बसलेली आहे, हे पुणेकर म्हणून नोंदवून ठेवते, पण तो पन्नास टक्क्यांनी खोटा धरला तरी उरतं ते काही थोडं नाही. यंत्र दारू पीत नाही, त्याला रात्री तीन वाजता डुलकी येत नाही, बायकोशी भांडून ते गाडीत बसत नाही, आणि मांडीवर मोबाइल ठेवून मॅचचा स्कोअर बघत नाही. मामांसारखा ड्रायव्हर लाखात एक. बाकीच्या नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवांबरोबर आपण रोज रस्त्यावर उतरतो.

तरी मनाला पटत नाही ते नाहीच. लेक चिडते. 'आई, तू एकेक गोष्ट उकरून काढतेस.' काढते. २०१८च्या मार्चमध्ये ॲरिझोनातल्या टेंपी गावात, रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उबरच्या चाचणीतल्या गाडीनं उडवलं आणि ती गेली. स्टिअरिंगमागे लक्ष ठेवायला एक माणूस होतं, पण त्याची नजर मोबाइलवर. गाडीला ती बाई पाच-सहा सेकंद आधी दिसली होती. पण ती काय आहे ते ठरेना. अनोळखी वस्तू, मग वाहन, मग सायकल, असं गाडीचं मत बदलत राहिलं. चौकशीत जे निघालं ते वाचून मी चहाचा कप खाली ठेवला: झेब्रा क्रॉसिंग सोडून भलतीकडून कुणी माणूस रस्ता ओलांडेल, ही शक्यताच त्या गाडीच्या आज्ञावलीत धरलेली नव्हती. म्हणजे अख्खं पुणे त्या गाडीच्या कल्पनेच्या बाहेर होतं. लक्ष्मी रस्ता, दिवाळीच्या आधीचा शनिवार, आणि आपण सगळे 'अनोळखी वस्तू'.

दुसरी गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोचीच, २ ऑक्टोबर २०२३ ची. रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला आधी एका माणसानं चालवलेल्या गाडीनं ठोकरलं आणि ती उडून शेजारच्या रांगेतल्या क्रूझ कंपनीच्या विनाचालक गाडीपुढे पडली. ती गाडीही तिला धडकली, पण थांबली. मग अपघातानंतर रहदारीला अडथळा नको, म्हणून बाजूला घ्यायचं, हे तिला शिकवलेलं होतं. तिनं बाजूला घेतलं. बाई तिच्या खाली होती. वीस फूट फरफटत गेली, वाचली हे तिचं नशीब. आधी ठोकरणारा माणूस केव्हाच पसार झाला होता. पळून जायला माणूसच लागतो, यंत्राला ते सुचत नाही. पण खाली वाकून बघायलाही माणूसच लागतो. पुढे कंपनीनं फरफटीची गोष्ट सरकारी खात्याला नीट सांगितली नाही असं निघालं, परवाना गेला, आणि वर्षभरानं क्रूझची मालक कंपनी जनरल मोटर्सनं तो टॅक्सीचा धंदाच गुंडाळला. म्हणजे लपवालपवी करायला पुन्हा माणसंच.

त्या शहरातल्या लोकांचं या गाड्यांशी जे काही चालतं ते बघून मला आपल्याकडच्या नव्या सुनेची आठवण येते. कौतुकही करायचं आणि चुकाही मोजायच्या. २०२३ मध्ये काही उपद्व्यापी मंडळींनी शोध लावला की गाडीच्या बॉनेटवर रस्त्यावरचा नारंगी शंकू ठेवला की ती जागच्या जागी गप्प उभी राहते. मग काय, रात्री टोप्या घालत हिंडले. पुढच्या वर्षी चायनाटाउनमध्ये चिनी नववर्षाच्या गर्दीत लोकांनी एक गाडी जाळूनच टाकली. आत कोणी नव्हतं. सॅन ब्रुनो गावच्या पोलिसांनी एका वेमोला नियम मोडून यू टर्न घेताना रंगेहाथ पकडलं, गाडी शहाण्यासारखी बाजूला थांबली, आणि पोलीस खिडकीशी जाऊन बघतात तर पावती फाडायची कुणाच्या नावानं? मी परत आल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी, मिशन भागातल्या एका दुकानाची मांजर अशाच गाडीखाली गेली. किटकॅट तिचं नाव. लेकीनं फोटो पाठवले: फुटपाथवर फुलं, मेणबत्त्या, मुलांनी काढलेली चित्रं. मांजरं काय रोज कुणाच्या ना कुणाच्या गाडीखाली जातात. पण इतक्या लोकांना तिथे येऊन उभं राहावंसं वाटलं. मला वाटतं त्यांनाही माझ्यासारखाच हात जड झाला होता, आणि तो कुणाकडे करायचा ते कळत नव्हतं.

आपल्याकडे हे यायचं तेव्हा येईल. नितीन गडकरींनी नागपुरात जाहीरपणे सांगून टाकलंय की विनाचालक गाड्या येऊ देणार नाही, ड्रायव्हर लोकांच्या पोटावर पाय येईल म्हणून. मामांची भाची म्हणून मला ते पटतं, आईची मुलगी म्हणून अर्धंच. तोवर निम्मीशिम्मी अक्कल असलेल्या गाड्या आल्याच आहेत. आमच्या सोसायटीतल्या एका मुलानं तसली घेतली, रस्त्यावर आखलेला पट्टा सोडला की स्टिअरिंग सावरणारी, समोर काही आलं की स्वतः ब्रेक लावणारी. पेढे देताना त्याचा चेहरा फुलला होता. महिन्याभरानं लिफ्टमध्ये भेटला. 'काकू, सगळं बंद करून ठेवलंय. पौड रस्त्यावर पट्टे आहेत कुठे धरायला? आणि रिक्षा मध्ये घुसली की ही कचकन थांबते, मागचा शिव्या देतो. तिला वाटतं रिक्षा आपल्याला धडकणार. आपल्याला माहीत असतं ना, की नाही धडकणार.' कसं माहीत असतं, असं मी विचारलं. त्यानं खांदे उडवले. त्याचं उत्तर लातूरच्या मुलानं चौदा वर्षांपूर्वी जिन्यात दिलं होतं, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

डिसेंबरात एका शनिवारी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वीज उपकेंद्राला आग लागली आणि मोठ्या भागात अंधार झाला. सिग्नल गेले. लेकीनं गॅलरीतून काढलेला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा मी इथे देवाला फुलं वाहत होते. काळोख्या चौकात पाच पांढऱ्या गाड्या दिवे लुकलुकवत उभ्या, आणि त्यांच्या मध्ये अडकलेली बाकीची रहदारी. सिग्नल बंद असला तर चारी बाजूंनी थांबून एकेकानं जायचं, हा नियम त्यांना पाठ होता. पण खात्री करून घ्यायला त्या दूर बसलेल्या माणसांकडे विचारणा पाठवतात, आणि त्या रात्री सगळ्यांनी एकदम विचारलं, तेव्हा उत्तरं तुंबली. शेवटी कंपनीनं सेवाच थांबवली. मी व्हिडिओ तीनदा पाहिला. आपल्याकडे सिग्नल बंद पडला तर नळस्टॉपला रहदारी उलट बरी चालते, हे कुठल्याही पुणेकराला विचारा. व्हिडिओच्या शेवटी एक माणूस मोबाइलचा टॉर्च लावून चौकात उतरला आणि दोन्ही हातांनी गाड्या सोडायला लागला. अंगात जॅकेट, पायात घरातल्या सपाता. सोसायटीतला कुणी उत्साही काका असावा तसा. एक पांढरी गाडी जराशी पुढे सरकली, थांबली. पुन्हा जराशी सरकली. तो तिच्यासमोर वाकून, 'ये, ये' करत होता, लहान मुलाला पहिलं पाऊल टाकायला बोलवावं तसा. पुढे काय झालं ते कळलं नाही, व्हिडिओ तिथेच संपतो.

तो व्हिडिओ मी आईलाही दाखवला. आता ती अठ्ठ्याऐंशीची आहे, खिडकीशी खुर्ची टाकून बसते आणि खालच्या गल्लीत कोण कशी गाडी लावतं यावर तिचं बारीक लक्ष असतं. तिनं मोबाइल नाकाशी धरून पाहिला. मग मी तिला सगळं सांगितलं, रिकामी सीट, फिरणारं डबडं, पडद्यावरच्या बाहुल्या, माझा फुकट गेलेला हात. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, झोप लागली.

'थांबली ना पण तुझ्यासाठी?'

'थांबली की. हात करायच्या आधीच.'

'मग चांगली आहे,' ती म्हणाली. काठी खुर्चीला नीट टेकवून ठेवली. 'आणि समजा धडकली, तर भेटायला कोण येतं?'

मी विम्याचं काहीतरी सांगायला लागले. तिनं ऐकून घेतलं आणि खिडकीतून खाली बघायला लागली.

परवा बँकेत गेले होते. येताना कर्वे रस्ता ओलांडायचा होता, दुपारचे साडेबारा, डोक्यावर मेट्रो, खाली धूळ. मी हात केला. बस थांबली, दोन गाड्या थांबल्या, बसच्या पुढून मी निघाले आणि बसच्या आडून एक मोटरसायकल आली. हेल्मेट आरशाला लटकवलेलं. मी मागे सरले, तो तिरका झाला, माझ्या पिशवीला त्याचं हँडल घासून गेलं. एवढ्यात तो वीस पावलं पुढे. शिवी माझ्या ओठांवर आली होती. तेवढ्यात त्यानं न थांबता मान वळवली, जीभ चावली आणि एक हात वर केला, तळवा माझ्याकडे करून. चुकलं, काकू. माझाही हात अजून वरच होता.